एका जातीचे बारा मासे

पाच वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घरी दोन फुटांची काचपेटी आली आणि मी तिच्यात पाच जातींचे मिळून दहा मासे सोडले: दोन निऑन टेट्रा, दोन झेब्रा डॅनिओ, दोन टायगर बार्ब, दोन मॉली आणि दोन एंजल. प्रत्येकाला जोडीदार असला म्हणजे कोणी एकटे पडणार नाही, हा हिशेब मी माणसांच्या संसारावरून केला होता, आणि दुकानदारानेही "जोड्या न्या, शोभून दिसतील" असे म्हणून तो उचलून धरला होता. आठवडाभरातच दोन्ही निऑन गाळणीच्या मागे जाऊन बसले. त्यांच्या अंगावरची निळी रेघ फिकट होत गेली. टायगर बार्बांनी एंजलचे झालरीसारखे पर कुरतडायला सुरुवात केली, आणि डॅनिओंपैकी एक दुसऱ्याला दिवसभर पिटाळू लागला. आई रोज सकाळी पूजा आटोपली की पेटीसमोर खुर्ची घेऊन बसत असे. एक दिवस तिने विचारले, "अरे, ही निळी पोरं अशी कोपऱ्यात का बसलीत? त्यांना आपलं कोणी दिसत नाही का?"

तिच्या प्रश्नातच उत्तर होते, पण ते मला कळायला दोन्ही निऑन मरावे लागले. लहान आणि शांत स्वभावाच्या ज्या माशांना आपण थव्याने राहणारे मासे म्हणतो, त्यांच्यासाठी जोडी ही गोष्ट अंडी घालण्याच्या घटकेपुरतीच असते. उरलेला सगळा वेळ त्यांचे घर म्हणजे त्यांचा थवा. दीड इंचाच्या माशाला ना काटे, ना विष, ना लपायला बीळ. मोठ्या माशाचे तोंड आणि आपण यांच्यामध्ये दुसरा कोणी तरी असावा, एवढाच त्याचा बचाव. प्रत्येक प्राणी असा दुसऱ्याच्या आडोशाला सरकू लागला की आपोआप घोळका तयार होतो, हा विचार डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली मांडला. याखेरीज, एकसारखे दिसणारे अनेक मासे एकाच वेळी हलले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. हे दोन्ही आधार काढून घेतले की उरतो तो चोवीस तास भ्यालेला मासा. तो खाण्यासाठी वर येत नाही, त्याचा रंग उतरतो आणि पहिल्याच रोगाला तो बळी पडतो. कमीत कमी सहा मासे ठेवावेत असे सर्वत्र सांगितले जाते. माझा अनुभव असा की सहा मासे तग धरतात, पण दहा-बाराच्या पुढे गेल्यावरच त्यांचे वागणे मोकळे होते.

थवा एकत्र कसा राहतो, हे समजून घेतल्यावर पेटीची निगा राखण्याची माझी पद्धतच बदलली, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. डोळे हे त्यातले मुख्य साधन. त्याच्या जोडीला माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा असते, आणि शेजारच्या माशाच्या हालचालीने पाण्यात उठलेली लाट तिला जाणवते. १९८० साली पार्ट्रिज आणि पिचर या संशोधकांनी समुद्रातील काही माशांचे डोळे झाकून त्यांना थव्यात सोडले, तेव्हा ते तात्पुरते आंधळे झालेले मासेही इतरांबरोबर नीट पोहत राहिले. तिसरे साधन वासाचे. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावल्याबद्दल पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली असे दाखवले की, मिनो नावाच्या छोट्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याचा वास लागताच बाकीचे सगळे मासे घाबरून पळतात. टेट्रा, रासबोरा, डॅनिओ आणि बार्ब हे सगळे त्या मिनोच्याच मोठ्या गोतावळ्यातले. एखादा मासा जाळीत धडपडून खरचटला की पुढे अर्धा दिवस सगळा थवा झाडांत का दडून बसतो, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्यानंतर मी जाळी वापरणे सोडले. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा मग पाण्यात आडवा धरून ठेवायचा आणि मासा स्वतःहून आत आला की उचलायचा. याला वेळ लागतो, पण एक खवलाही निघत नाही.

या गोतावळ्याला आणखी एक देणगी आहे आणि गोव्यात तिचा विचार करावाच लागतो. या माशांचे वाताशय आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती इतर पुष्कळ माशांपेक्षा तीक्ष्ण असते. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात, पहाटेपर्यंत मोठ्या ध्वनिक्षेपकांवर गाणी वाजतात, आणि दहन झाले की फटाके. माझी पहिली पेटी रस्त्याकडच्या भिंतीला लागून होती. त्या रात्री भिंत थरथरत होती, आणि सकाळी दोन डॅनिओ फरशीवर वाळून पडलेले सापडले; झाकणाच्या फटीतून त्यांनी उडी मारली होती. आता पेटी घराच्या आतल्या खोलीत आहे, तिच्या तळाशी जाड फोमचा थर आहे, आणि त्या रात्री मी तिच्यावर चादर टाकून खोलीत मंद दिवा ठेवतो, कारण मिट्ट काळोखात दचकलेला मासा काचेवर आपटतो. काचेवर बोटाने टकटक करण्याची पाहुण्यांची सवय मात्र बारा महिने सांभाळावी लागते. आमच्या घरी येणाऱ्या मुलांना मी ते आल्याआल्याच सांगतो आणि मुले ते मोठ्यांपेक्षा चांगले पाळतात.

आता कोणता मासा आणावा, हा प्रश्न. दुकानात सगळ्यांत आधी निऑन टेट्रा पुढे केला जातो, आणि तो आहेच तसा देखणा. पेरूमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यातून १९३४ साली ऑगस्ट राबो यांनी तो बाहेर आणला, आणि १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी अमेरिकेतील मत्स्यपालक विल्यम इनेस यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. त्याची निळी रेघ रंगद्रव्याची नसून कातडीतल्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे; रात्री दिवा मालवला की ती विझते आणि सकाळी हळूहळू पेटते. पण या माशाला साधारण २० ते २६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या खोलीतही पेटीचे पाणी ३१ अंशांवर जाते. गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू कमी होतो: २५ अंशांना दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम विरघळू शकतो, तर ३२ अंशांना सुमारे ७.३. निऑन असा उन्हाळा काढतोही, पण त्याचे आयुष्य त्यात झिजते. ज्या घरात पेटीला थंड करणारे यंत्र नाही, त्या गोमंतकीय घरात निऑन आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मग तो कितीही स्वस्त मिळो.

त्याचाच चुलतभाऊ शोभावा असा कार्डिनल टेट्रा आपल्या हवेला अधिक जवळचा. त्याची लाल पट्टी गळ्यापासून शेपटीपर्यंत सलग असते, निऑनची मात्र पोटाच्या मध्यावर सुरू होते. दुकानात ओळखायला एवढी खूण पुरते. तो रिओ नेग्रो नदीच्या चहासारख्या तांबूस, कोमट पाण्यातला आहे आणि २८-२९ अंशांना कुरकुरत नाही. निऑन बहुतांशी मत्स्यशेतीत पैदास केलेले असतात, कार्डिनल मात्र आजही मोठ्या प्रमाणावर नदीतून पकडले जातात. ब्राझीलमधील बार्सेलोस या गावाचे अर्थकारण कित्येक दशके या मासेमारीवर उभे होते. रानातला मासा विकत घेणे वाईटच, असे मला वाटत नाही. नदीतले मासे विकून ज्यांचे पोट भरते, ते लोक नदीकाठचे जंगल राखतात, हा युक्तिवाद मला पटतो. तरीही रानातून आलेला मासा नवख्याच्या पेटीत मरणार असेल, तर तो युक्तिवाद त्या पेटीपुरता लागू होत नाही.

मी स्वतः हार्लेक्विन रासबोरा निवडले आणि त्या निवडीचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. मलेशिया, सिंगापूर आणि सुमात्रा येथील दाट झाडीखालच्या ओढ्यांतला हा मासा जेमतेम पावणेदोन इंच वाढतो. तांब्याला घासूनपुसून चकाकी आणावी तसे त्याचे अंग, आणि मागच्या अर्ध्या भागावर काळा त्रिकोण. डुंकर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली त्याचे वर्णन केले. तो कोणाचे पर कुरतडत नाही, कोणाच्या वाटेला जात नाही, आणि बारा जणांचा थवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळतो तेव्हा बाराही त्रिकोण एकदम वळतात. उन्हाळ्यात मी पेटीचे झाकण काढून वर बारीक जाळी बसवतो आणि एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडतो; बाष्पीभवनाने पाणी दोनेक अंशांनी उतरते. मेच्या अखेरीस हवाच ओलसर झाली की हा उपाय अर्धा निकामी होतो, म्हणून त्या दिवसांत हवेचा दुसरा पंपही चालू ठेवावा. वळवाच्या वादळात वीज जातेच, तेव्हा बॅटरीवर चालणारा पंप घरात असणे ही गरज आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत, आणि याची जाणीव गोव्यातल्या फार थोड्या मत्स्यपालकांना दिसते. जांभ्या दगडातून झिरपून आलेल्या विहिरीच्या पाण्यात चुना फारसा नसतो. ते मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. आमच्या विहिरीचे पाणी मोजले तेव्हा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ४५ आणि पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ६.३ भरला. इतर ठिकाणच्या लोकांना असे पाणी मिळवण्यासाठी आरओचे यंत्र लावावे लागते. आम्हांला ते कळशीने मिळते. किनाऱ्यालगतच्या वाळूतल्या विहिरींचे असे नाही, तिथे खारेपणा मिसळतो, त्यामुळे मोजल्याशिवाय काही गृहीत धरू नये. नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी, मग ते ओपाच्या, अस्नोड्याच्या की साळावलीच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे असो, क्लोरीन घालवल्याविना ते पेटीत ओतू नये. अँटीक्लोरीनचे दोन थेंब टाकण्याचा आळस सगळा थवा घेऊन जाऊ शकतो.

मृदू पाण्याचा एक धोका आहे आणि तो मला पहिल्या पावसाळ्यात भोवला. अशा पाण्यात आम्ल रिचवण्याची ताकद कमी असते. पावसाने विहीर तुडुंब भरली की ती ताकद आणखी घटते, आणि माशांच्या मलमूत्रातून सतत तयार होणारे आम्ल पीएचला एका आठवड्यात पाचाच्या घरात खेचते. याला मी शोधलेला उपाय आपल्या स्वयंपाकघरातला आहे. तिसऱ्यांचे सुके केले की उरलेल्या शिंपल्या उकळायच्या, खरवडून, उन्हात वाळवून त्यांतल्या सात-आठ गाळणीच्या कप्प्यात ठेवायच्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट होऊ लागले की ती आपसूक थोडी विरघळते, आणि पाणी सावरले की विरघळणे मंदावते. मीठ-मसाल्याचा लवलेशही राहता कामा नये, एवढी काळजी घ्यावी. दुसरी वस्तू अंगणातली: देशी बदामाची पिकून गळलेली, लालसर, कोरडी पाने. मी पंधरवड्याला एक पान धुऊन टाकतो. त्यातले टॅनिन उतरून पाणी फिक्या चहासारखे होते, उजेड मवाळ होतो, आणि रासबोरांचा तांबूस रंग दुपटीने खुलतो. पाहुणे पाणी घाण झाले आहे असे समजतात. त्यांना मी रिओ नेग्रोविषयी सांगतो.

नव्या पेटीत मासे सोडण्यापूर्वी ती मुरवावी लागते, हे बहुतेकांना आता ठाऊक झाले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया एका जातीचे जिवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसरे नायट्रेटमध्ये बदलतात, आणि त्यांची वस्ती गाळणीत जमायला चार ते सहा आठवडे जातात. आम्लधर्मी पाण्यात हे जिवाणू संथ असतात. माझ्या दुसऱ्या पेटीला सात आठवडे लागले. तेवढे दिवस नुसत्या पाण्याकडे आणि झाडांकडे पाहत बसणे घरच्यांना विचित्र वाटले, पण त्या थव्यातला एकही मासा पहिल्या सहा महिन्यांत मेला नाही.

ही दुसरी पेटी तीन फूट लांब आणि पंधरा-पंधरा इंच रुंद व उंच आहे. तिच्यात काठोकाठ भरले तर सुमारे १३० लिटर पाणी मावते. थव्याला उंचीचा उपयोग नाही, त्याला धावायला लांबी हवी. मागे आणि दोन्ही बाजूंना दाट झाडी, पुढे मोकळे अंगण अशी रचना केली की मासे झाडीत दडत नाहीत. आडोसा जवळ आहे हे कळल्यावरच ते उघड्यावर येतात. झाडांत मी जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन लावले आहे. या क्रिप्टोकोरिनचे भाईबंद आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही उगवतात, आणि त्याला भगभगीत दिवा लागत नाही.

चवथीला आम्ही पाच दिवस मूळ घरी जातो. पहिल्या वर्षी मी दाण्यांची डबी शेजारच्या नात्यातल्या एका मुलाकडे सोपवून गेलो. त्याने प्रेमापोटी सकाळ-संध्याकाळ चिमूट-चिमूट टाकले. परतलो तेव्हा पाणी दुधासारखे पांढरे होते आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेत होते. चूक त्याची नव्हती. दीड इंचाच्या माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते, हे मी त्याला सांगितले नव्हते. धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा पाच-सहा दिवस उपाशी सहज राहतो, म्हणून आता निघण्याच्या आदल्या दिवशी मी निम्मे पाणी बदलतो आणि कोणालाही काही सांगून जात नाही.

आपल्याच ओढ्यांत थव्याने राहणारे इतके मासे असताना बाहेरचे कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. प्रश्न योग्य आहे. मृगाच्या सरींनंतर चढणीचे मासे व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात चढतात तेव्हा त्यांच्यात लहानसे डॅनिओ आणि बार्बही असतात. गोव्यातल्या आणि कर्नाटकातल्या नद्यांत आढळणारा इंडिगो बार्ब छापगर आणि साने यांनी १९९२ साली जगासमोर आणला, आणि तो आज असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. म्हणूनच तो पकडून आणू नये, असे मला तळमळीने वाटते. नेत्रावळी किंवा म्हादईच्या अभयारण्यातून मासा उचलणे तर कायद्यानेही गुन्हा आहे. ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी डिसेंबरात, पाणी निवळल्यावर, एखाद्या कोंडीच्या काठी सावली न पाडता अर्धा तास बसावे. याच्या उलट बाजूची विनंतीही तितकीच कळकळीची आहे: नको झालेला पेटीतला मासा विहिरीत, तळीत किंवा व्हाळात सोडू नये. तो एकतर मरतो, नाहीतर जगतो आणि इथल्यांना पिटाळतो, आणि पेटीतले रोगही बरोबर घेऊन जातो.

गेल्या वर्षी एका सकाळी क्रिप्टोकोरिनच्या रुंद पानाखाली एक मादी पोट वर करून उलटी पोहताना दिसली. नर तिच्याभोवती वेटोळे घालीत होता. बहुतेक रासबोरा अंडी पाण्यात विखरून देतात, हार्लेक्विन मात्र ती पानाच्या खालच्या बाजूला एकेक करून चिकटवतात. संध्याकाळपर्यंत थव्यानेच ती खाऊन टाकली. पुढच्या खेपेला ते पान कापून वेगळ्या भांड्यात ठेवीन, असे ठरवले आहे.

या पावसाळ्यात वयोमानाने तीन मासे गेले आणि नऊ राहिले. मी पाच नवे आणले, परसातल्या टबात चार आठवडे वेगळे ठेवून त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके उठत नाहीत ना याची खात्री केली, आणि गेल्या रविवारी दुपारी मगाने अलगद पेटीत सोडले. नवे पाचही जण झाडीत शिरले. जुन्या नऊ जणांनी झाडीपुढून दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला पाचही बाहेर येऊन त्यांच्यात मिसळले, आणि संध्याकाळपर्यंत आकार सोडला तर नवे-जुने ओळखता येईनात. पोहताना ते मोजता येत नाहीत, म्हणून आई सकाळी दाणे टाकून सगळे वर येईपर्यंत थांबते आणि मगच मोजते. आज चौदा भरले.